लाउंजमधलं धोतर

ती दुपार आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरी सुटून वर्षं झाली, बीपीची गोळी सुरू आहे, घरचे म्हणतात जुनं उकरत बसू नका. पण ही एक गोष्ट मी उकरणार. नाव कोणाचंच घेणार नाही. ज्यांनी केलं त्यांना आपापलं नाव माहीत आहे, तेवढं पुरे.

आधी माझं सांगतो. मी सातवी पास. त्या काळी तेवढ्यावर शिपाई होता यायचं. शिपाई, नाईक, हवालदार आणि शेवटी सहायक फौजदार, एवढीच माझी चढण. इंग्रजी येत नाही आणि त्याची मला लाज पण नाही. जबाब लिहायचा मात्र माझ्याएवढा हात आमच्या ठाण्यात कोणाचा नव्हता. कारण सोपं आहे. मला जड शब्द येत नाहीत, म्हणून समोरचा जे बोलतो तेच मी लिहितो. शिकलेला माणूस जबाब लिहिताना सुधारून लिहितो, आणि सुधारताना कोणाचा तरी गळा कापतो.

नोकरीची शेवटची काही वर्षं नागपूरचा विमानतळ ज्या ठाण्याच्या हद्दीत येतो तिथे गेली. विमानतळाच्या आतली सुरक्षा वेगळ्या लोकांकडे असते, पण चोरी झाली, मारामारी झाली की माणूस आमच्याच ताब्यात देतात. टॅक्सीवाल्यांचं भांडण, दारू पिऊन आलेला प्रवासी, बदललेली बॅग, असली कामं. एक गोष्ट मी तिथे पाहिली. एसटी स्टँडवर ज्याचं सामान हरवतं तो रडतो. विमानतळावर ज्याचं हरवतं तो आधी तुमचा बक्कल नंबर विचारतो.

त्या दिवशी मे महिन्याचं ऊन होतं. दोन-सव्वादोनचा सुमार. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर मी होतो. कूलरचं पाणी संपलं म्हणून एकाला ओरडत होतो, तेवढ्यात फोन वाजला. विमानतळावरच्या लाउंजचा मॅनेजर.

लाउंज म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मलाही तेव्हाच कळलं होतं. सुरक्षा तपासणी झाल्यावर आत एक थंडगार हॉल असतो. सोफे, गालिचा, चहा-जेवण. विमानाची वेळ होईपर्यंत तिथे बसायचं. ज्याच्याकडे बँकेचं ठरावीक कार्ड असतं त्याला आत सोडतात. दारावर नियमांचा बोर्ड असतो. नीटनेटका पोशाख पाहिजे, घरातले कपडे आणि बाथरूमच्या चपला चालणार नाहीत, असं काहीबाही.

मॅनेजर फोनवर म्हणाला, "साहब, लाउंज में एक आदमी घुस आया है. धोती में है. एक मैडम का बैग गायब है, और वो खुद बोल रहा है कि मैंने उठाया."

आधी धोती सांगितली, मग बॅग. एवढी वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या कानाला हे खटकायला पाहिजे होतं. नाही खटकलं. मी डायरीत नोंद घेतली, आणि आमच्या ठाण्यात नवीन आलेल्या उपनिरीक्षक साहेबांना सांगितलं. साहेब तरुण, पदवीधर, परीक्षा देऊन थेट लागलेले, पश्चिम महाराष्ट्रातले. माणूस वाईट नव्हता. पण घाई फार. म्हणाले, "कबूल केलंय ना? चला, तासाभरात उरकू."

गेटवर पास बनवून आम्ही आत गेलो. लाउंजच्या दारापाशी भिंतीला लागून एक चपलांचा जोड ठेवलेला होता. जाड चामड्याच्या, नवीन तळ मारलेल्या. अगदी सरळ रेषेत, देवळाबाहेर ठेवतात तशा. मी पाहिल्या आणि पुढे गेलो.

आत काचेजवळच्या सोफ्यापाशी म्हातारा उभा होता. सत्तरीचा असेल. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, अंगानं काटक, पाय उघडे. कपडे जाडेभरडे पण परीटघडीचे. त्याच्याभोवती मॅनेजर, दारावरचा माणूस आणि ज्या बाईंची पिशवी गेली त्या बाई. बाई पन्नाशीच्या, मोठ्या घरच्या. बाकीचे प्रवासी आपापल्या सोफ्यावरून पाहत होते. कोणी मोबाइल वर धरला होता.

बाईंनी आम्हाला पाहिलं आणि सुरू झाल्या. "पिशवीत माझी साडी होती. लग्नासाठी चाललेय मी. अशा लोकांना आत सोडतातच कसे?"

मी सरळ गेलो आणि म्हाताऱ्याचा दंड धरला. "चला बाबाजी, आत चला," म्हटलं. बाबाजी म्हटलं खरं, पण हात पोलिसाचा होता. तो जोरानं धरतो. म्हाताऱ्यानं हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. चालत आला.

लाउंजच्या मागे मॅनेजरची छोटी खोली होती. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला लोखंडी कपाट. तिथे विचारपूस सुरू झाली. मॅनेजर हजर राहिला, कपाटाला पाठ टेकून.

आधी ओळख. म्हातारा उमरेडचा. जातीनं आणि धंद्यानं विणकर, हातमागावर सगळा जन्म गेलेला. पोरगी बंगलोरला कॉम्प्युटरच्या नोकरीत. तिला मुलगी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बारसं होतं. चार वाजताचं विमान. पहिल्यांदाच विमानात बसणार होता. सोबत एक हातपिशवी, त्यात पाळण्यात अंथरायला स्वतः विणलेलं मऊ कापड, आणि डब्यात अनारसे. मी पिशवी तपासली. दुसरं काही नाही.

"हे कार्ड कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

"माहं."

"तुमचं? यावर लाउंज मिळतं हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पोरीनं. तिच्या खात्यावर माह्या नावाचं काढलं. म्हणे बाबा, बाहेर लोखंडी खुर्चीवर बसू नोका, कंबर दुखते तुमची."

कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच. मी दोन्ही शेजारी ठेवून साहेबांना दाखवलं. तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, "कार्ड ठीक है सर. पर ड्रेस कोड भी तो है. नंगे पैर अंदर आए हैं. मैंने मना किया, तो बोले कार्ड दाखवलं ना."

मी विचारलं, "बाबाजी, चपला कोठी आहेत?"

"दारापाशी काढल्या."

"काहून?"

"आत गालिचा हाये ना गा. गालिच्यावर चपला घालून जातेत का?"

मॅनेजर हसला. मला ते हसणं आवडलं नाही, पण अजून मी त्याच्याच बाजूला होतो, हे कबूल करतो. पोलिसाच्या डोक्यात फोन करणारा आणि फोन ज्याच्याबद्दल आहे तो, अशी वाटणी आधीच होऊन बसते.

साहेबांनी मुद्द्याला हात घातला. "बाईंची पिशवी उचलली का?"

"हाव."

"तुम्ही स्वतः?"

"मीच उचलून ठेवली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. झालं, अशा नजरेनं. मग त्यांचा आवाज चढला. "कुठे आहे आता? कोणाला दिली? बाहेर कोण आहे तुझ्यासोबत?"

तुमचं तुझं झालं. म्हातारा ताठ झाला. "तू माह्या पोरीपेक्षा लहान हायेस. अहो म्हण, मंग विचार."

"ए, शहाणपणा नको. पिशवी कुठंय ते सांग."

"अहो म्हण."

यानंतर दहा मिनिटं म्हाताऱ्यानं तोंड उघडलं नाही. साहेबांनी दम दिला, गाडीत घालतो म्हटलं, विमान जाईल म्हटलं. म्हातारा भिंतीकडे पाहत बसला. असा माणूस मला माहीत आहे, कारण आरशात रोज पाहतो. त्याला मारा, उपाशी ठेवा, त्याच्या घराला कुलूप लावा, एकदा अडला की अडला.

साहेबांनी मग दुसरा रस्ता धरला. म्हणाले, बोलला तेवढा पुरे, जबाब करू. टेबलावर कागद घेऊन त्यांनी भराभर लिहिलं. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, हे शिपायालाही माहीत असतं. पण माणसाला दोन दिवस आत बसवायला ती पुरते. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला. "वाचून दाखवा, सही घ्या, आणि घेऊन चला." असं म्हणून ते वरिष्ठांना फोन करायला बाहेर गेले. जाताना मॅनेजरला सोबत नेलं, बाईंची फिर्याद घ्यायची होती.

तीन वाजून गेले होते. मी कागद वाचायला लागलो. मी मनात वाचत नाही, जबाब मोठ्यानं वाचतो, बोट ठेवून. माझी सवयच ती. नाव, राहणार, धंदा, सगळं झालं. मग आलं: "सदर महिलेची पिशवी मी उचलली व ठेवून घेतली."

"नाही," म्हातारा म्हणाला.

"काय नाही?"

"हे मी नाही बोललो. ठेवून घेतली नाही म्हटलं. उचलून ठेवली म्हटलं."

माझं बोट त्या ओळीवरच राहिलं. आता ज्याला मराठी कळतं त्यानं सांगावं, या दोन्हीत काय फरक आहे. ठेवून घेणारा चोर असतो. उचलून ठेवणारा घरातलं मोठं माणूस असतं. पोरांचं दप्तर पायात आलं की आपण उचलून ठेवतो. दूध मांजरापासून उचलून ठेवतो. साहेबांनी एक शब्द पुढेमागे केला, त्यांना तो सुधारल्यासारखा वाटला असेल, आणि उमरेडचा एक विणकर चोर झाला.

मी खुर्ची त्याच्यासमोर ओढली. "तुम्ही सांगा मले. उचलून ठेवली, बरं. कोठी ठेवली?"

त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

"अहो, सांगा ना बाबाजी."

त्यानं मान वळवली. "वरते."

"वरते म्हणजे?"

"पेपर, पुस्तकं ठेवाची लाकडी मांडणी नाही का बाहेर, तिच्या वरच्या फळीवर. ते बाई प्लेट घेऊन जेवाले गेली. पिशवी खाली सरकली. लोकं जाऊन येऊन राहिले, त्याईचे बूट लागून राहिले. लुगडं बाहेर आलं होतं. मंग बाई ओरडली, मी म्हटलं मीच उचलून ठेवली, तं पुढचं कोणी आयकूनच नाही घेतलं."

"मंग उचलली काहून? बाईले सांगाचं होतं."

आता तो माझ्यावर चिडला. "लुगडं पायात येऊन राहिलं आन मी सांगाले जाऊ? करवती काठाचं टसर होतं ते. मी काठ पाहून सांगतो. तीन-तीन धोटे फिरवून तो काठ निघते. दिवसभर बसलं तं वीतभर होते. आमच्या घरात सुताच्या तुकड्याले पाय लागला तरी पाया पडतो आमी. आन तुमी विचारता काहून उचललं."

करवती काठ म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा काठ, आणि धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं लाकडी साधन. आमच्या विदर्भाचं विणकाम आहे ते. बाईंनी ती साडी दुकानातून घेतली असेल. पण पिशवीच्या तोंडातून बाहेर आलेला तिचा वीतभर काठ पाहून ती काय आहे हे ओळखणारा त्या अख्ख्या हॉलमध्ये एकच माणूस होता, आणि त्यालाच आम्ही धरून आणलं होतं.

मी बाहेर जाऊन मांडणीची वरची फळी हात फिरवून पाहिली. रिकामी. मॅनेजर माझ्या मागे आला. "क्या ढूँढ रहे हो साहब? हमने सब देखा है." कॅमेऱ्याचं विचारलं, तर म्हणे त्या कोपऱ्यातला बंद आहे आणि बाकीचे दाखवायला मुंबईच्या ऑफिसची परवानगी लागते.

तेव्हा माझं लक्ष एका सोफ्याकडे गेलं. तिशीचा एक माणूस, गुडघ्याच्या वर अर्धी चड्डी, बाह्या नसलेला बनियन, पायात रबरी सपाता, त्या सपातांसकट पाय सोफ्यावर टाकून झोपला होता. मी मॅनेजरला विचारलं, "ये ड्रेस कोड में बैठता है?"

"सर, वो स्मार्ट कॅज्युअल है."

नंतर ही गोष्ट मी म्हाताऱ्याला सांगितली तर तो म्हणाला, "धोतराले पाच वार कापड लागते. त्याच्या चड्डीत हातरुमाल नाही निघत. तरी तो सायेब." पण ते नंतर.

मी एक धडा खूप आधी शिकलो होतो. कोणत्याही जागेची खबर पाहिजे असेल तर टायवाल्याला विचारू नका, झाडूवाल्याला विचारा. तिथे सफाईला एक बाई होत्या, खापरखेड्याकडच्या, चाळिशीच्या. त्या मघापासून एकच टेबल पुसत होत्या. चार वेळा पुसून झालं होतं. मी शेजारी गेलो आणि हळूच म्हटलं, "ताई, मांडणीवरची पिशवी कोठी गेली?"

त्यांनी वर पाहिलं नाही. फडकं तसंच फिरत राहिलं. "माही नोकरी जाईल, साहेब."

"तिकडं एका म्हाताऱ्याची इज्जत चालली."

फडकं थांबलं. "मी तं मंघाशीच काढली. वाटलं कोणाची राहून गेली. मॅनेजर साहेबाच्या हातात दिली. त्याईनं कपाटात ठेवली." मग अजून हळू, "तुम्ही यायच्या आधीच दिली, साहेब. देवाची शपथ."

मला आठवलं, साहेबांनी बाहेर नेईपर्यंत मॅनेजर त्या खोलीत कपाटाला पाठ टेकूनच उभा होता. लपवणारा माणूस लपवलेल्या जागेकडे पाहत नाही, पण आपण होऊन तिथून हलत पण नाही. हे मला तेव्हा दिसलं होतं आणि मी पाहिलं नव्हतं. धोतर पाहत होतो ना मी.

साहेबांना बोलावलं, बाईंना बोलावलं, आणि मॅनेजरला म्हटलं, "कपाट खोल."

"चाबी ऑफिस में..."

"चावी तुझ्या पट्ट्याला आहे. खोल."

त्यानं खोललं. मधल्या खणात पिशवी होती. साडीचा काठ बाहेर आलेला, तसाच.

मग मी मॅनेजरला विचारलं. पहिल्यांदा म्हणाला माहीतच नव्हतं. सफाईच्या बाईंचं सांगितल्यावर खुर्चीत बसला. म्हणाला, "साहब, तब तक फोन हो चुका था. मैडम सबके सामने चिल्ला रही थी. मैंने ही सबको बोला था कि इसने लिया. अब बोलता कि बैग मिल गया, तो मेरी क्या इज्जत रहती? और सर, इनको तो वैसे भी ड्रेस कोड में निकालना ही था."

वैसे भी. म्हणजे माणूस काढायचाच होता. कपड्याच्या नियमावर निघाला नाही, कारण कार्ड खरं होतं, मग चोरीवर काढू. पिशवी आपल्या कपाटात, चावी आपल्या पट्ट्याला, आणि म्हातारा पोलिसांच्या ताब्यात. आयुष्यात मी खून करून आलेली माणसं पाहिली आहेत, तोंड लपवणारी. हा टाय नीट करत होता.

मी साहेबांना म्हटलं, यानं पोलिसांना खोटी माहिती देऊन माणूस अडकवला, याच्यावर कारवाई करा. साहेबांनी वर फोन केला. वरून उत्तर आलं, माल मिळाला ना, फिर्यादीची तक्रार नाही ना, मग कशाला लावून धरता. फिर्यादी बाईंनी पिशवी उघडली, साडीची घडी पाहिली, साहेबांना थँक्यू म्हटलं आणि निघाल्या. त्यांचं मुंबईचं विमान होतं. ज्यानं त्यांची साडी बुटांखालून काढली होती त्याच्या अंगावरून गेल्या. मी म्हटलं, "मॅडम, यांना काही म्हणायचं नाही का?" तर म्हणाल्या, "मी यांचं नाव कुठे घेतलं? मॅनेजरच म्हणाले."

घड्याळात साडेतीन झाले होते. बंगलोरच्या विमानाची घोषणा सुरू होती. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "चला बाबाजी, गेट बंद होते. मी येतो सोबत."

तो उठला नाही. "लिहून द्या."

"काय?"

"मी चोर नाही म्हणून. त्या सगळ्याईनं आयकलं चोर. मोबाईलमंदी काढलं. उद्या माह्या पोरीच्या सासरच्यानं पाह्यलं तं? तिच्या जावा-नणंदा येऊन राहिल्या बारशाले. मी कागद दाखवीन."

साहेब म्हणाले, "अहो काका, असा कागद नसतो." आता अहो निघालं तोंडातून. "गुन्हाच दाखल झाला नाही, तर तुम्ही निर्दोष असल्याचा कागद कसा देणार?"

"चोर म्हणासाठी कागद होता. त्याच्यावर सही मांगत होते. आता चोर नाही म्हणासाठी कागद नाही?"

साहेब घड्याळ पाहायला लागले. मी म्हटलं, "मी देतो लिहून. पण शिक्का ठाण्यात आहे. तुम्ही जा, मी पोस्टानं पाठवतो."

"बिनाशिक्क्याचं चालत नाही आन पोस्टावर माहा भरोसा नाही. ठाण्यात चला."

"विमान जाईल."

"जाऊ द्या. चोर म्हणून मी त्याच्यात बसत नाही."

मी खूप समजावलं. नातीचं बारसं आहे म्हटलं, पहिलं विमान आहे म्हटलं. तो आपली हातपिशवी घेऊन दाराशी गेला, चपला पायात घातल्या आणि माझी वाट पाहत उभा राहिला. विमान गेलं. आम्ही ठाण्यात आलो.

तिथून त्यानं पोरीला फोन लावला. मी समोरच होतो. "बाई, विमान हुकलं. नाही, तब्येत चांगली हाये. उद्या येतो. बारसं थांबवू नोको, मुहूर्त टळते." पलीकडून ती काहून, काहून विचारत होती तेवढं मला ऐकू येत होतं. त्यानं सांगितलं नाही. फोन ठेवला आणि धोतराचा सोगा डोळ्यांना लावला, एकदाच. ज्या दिवशी नातीच्या कानात नाव सांगायचं, त्याच्या आदल्या दिवशी आजोबाच्या कानात आम्ही चोर हा शब्द घातला. आणि नाव ठेवताना तो तिथे नव्हता. हे कोण भरून देणार?

मी डायरीत नोंद केली, मग कोऱ्या कागदावर लिहायला बसलो. उमरेड येथील विणकर, यांनी आज रोजी विमानतळाच्या लाउंजमध्ये खाली पडलेली पिशवी उचलून ठेवली. पिशवी मालकास मिळाली. यांनी चोरी केलेली नाही. सही केली, शिक्का मारला. मोठ्यानं वाचून दाखवलं.

म्हाताऱ्यानं कागद घेतला नाही. "आन दंडाले धरलं ते?"

"कोणी?"

"तुमी. त्या सगळ्याईसमोर."

मला राग आला. खरं सांगतो, फार राग आला. याच्यासाठी मी साहेबांचा शब्द मोडला, मॅनेजरचं कपाट उघडलं, आणि हा मलाच धरतो? मी म्हटलं, "ते कागदात येत नाही."

"काहून नाही येत? मी उचललं ते येते. तुमी धरलं ते नाही येत?"

"मी कामावर होतो."

"मी पण काही रिकामा नव्हतो. माह्या विमानाले चाललो होतो."

चहा आला. त्यानं घेतला नाही, म्हणून मीही घेतला नाही. तो माझ्याकडे पाहत नव्हता, मी त्याच्याकडे पाहत नव्हतो. ठाण्यात माणसं येत होती, जात होती. अर्धा तास गेला असेल. मी जन्मात कोणापुढे माघार घेतली नाही. साहेबांपुढे नाही, गुंडांपुढे नाही, बायकोपुढे पण नाही. पण त्या अर्ध्या तासात मी एक गोष्ट स्वतःला विचारली. तो सपातावाला जर तिथे उभा असता, पिशवी त्यानं उचलली असती, तर मी त्याचा दंड धरला असता का? नसता धरला. सर म्हटलं असतं.

मी पेन उघडलं आणि खाली एक ओळ लिहिली. चौकशीच्या आधी मी यांना लोकांसमोर दंडाला धरून नेले, ही मी चूक केली. खाली पुन्हा सही.

म्हाताऱ्यानं कागद स्वतः वाचला, घडी घातली, पाळण्याच्या कापडात ठेवला. मग थंड झालेला चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानानं तो गेला. बारसं सकाळीच झालं होतं.

मॅनेजर आठ दिवसांनी त्याच खोलीत, त्याच टायमध्ये मला दिसला. त्याचं काही झालं नाही. सफाईच्या बाई मात्र तिथे नव्हत्या. कुठे गेल्या विचारलं तर कोणाला माहीत नाही. मला यातलं काय जास्त टोचतं, हे अजून ठरलेलं नाही.

महिन्याभरात मला कारणे दाखवा नोटीस आली. अधिकार नसताना दाखला दिला, आणि दाखल्यात खात्याची चूक लेखी मान्य करून बदनामी केली. मी खुलाशात घडलं तेवढं लिहिलं. माफी मागितली नाही. ताकीद मिळाली, सर्व्हिस बुकात नोंद झाली.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच, की माणसाचा शब्द जसा त्याच्या तोंडातून निघाला तसाच लिहावा, आणि त्याचा दंड धरण्याआधी ऐकावा. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कळायला पाहिजे होतं, कळलं शेवटच्या वर्षांत. मधल्या काळात मी किती दंड धरले असतील त्याचा हिशेब माझ्याकडे नाही, आणि त्यातला कोणीही पुढे येऊन लिहून द्या म्हणाला नाही.

सर्व्हिस बुकात माझी बक्षिसं पण आहेत. ती साहेबलोकांनी दिली. ती ताकीद तेवढी माझी स्वतःची कमाई आहे.